वार्निशात बुडवलेला रेडिओ

मावशी जन्मभर मोटारी भरत आल्या. पंख्याची, पंपाची, गिरणीची, कुठलीही मोटार जळून दुकानात आली की मावशी आधी तिची करपलेली तार उपटून काढणार, नवी तांब्याची तार वेढ्याला वेढा लावून भरणार, वार्निशात बुडवणार, भट्टीत भाजणार आणि शेवटी मोटार टेबलावर चालू करून तिच्याकडे कान लावून बसणार. दुकानात मीटर होतं, पण मीटरवर त्यांचा विश्वास बेताचाच. "मीटरला काय, विचारू तेवढंच सांगतं," असं म्हणून त्या डोळे मिटून घ्यायच्या, आणि घरघर मनासारखी वाटली तरच मोटार गिऱ्हाइकाच्या हवाली करायच्या. गिऱ्हाईक वैतागायचं. पण मावशींनी भरलेली मोटार सहसा परत येत नसे, त्यामुळे वैतागून का होईना, सगळे त्यांच्याकडेच यायचे.

खरं पाहता त्या एकाच मुलीच्या मावशी. बहिणीची ही लेक लहानपणापासून त्यांच्याकडे वाढली. चालू मोटारींच्या वर आवाज चढवून ती दिवसभर "मावशी, मावशी" करत राहायची, आणि ते ऐकून ऐकून गिऱ्हाइकांपासून समोरच्या न्हाव्यापर्यंत सगळेच बाईंना मावशी म्हणू लागले. त्या मुलीचं नाव घरात पडलं भोंगा. हळू बोलणं तिच्या गावीच नव्हतं. कानात सांगायची गोष्टही ती अशी सांगायची की पलीकडच्या गल्लीला आपसूक कळायची.

तर हा भोंगा शिकून सवरून मोठा झाला आणि एका दूरच्या बेटावर हवामान केंद्रात नोकरीला लागला. वारा मोजायचा, पाऊस मोजायचा, आकाशात फुगे सोडायचे. तिथला फोन फक्त कामापुरता. पत्रं यायची, तीही बोटीच्या मर्जीनं. आणि प्रत्येक पत्रात तेच: मी मजेत आहे, जेवण चांगलं आहे, काळजी करू नकोस.

"मजेत आहे म्हणे," मावशी पत्र दुमडताना पुटपुटायच्या. "कागदावर कुणीही मजेत असतं."

"मग काय, खोटं लिहील का ती?" धाकट्या जाऊबाई विचारायच्या. त्या वरच्या मजल्यावर राहायच्या, पण दिवसाचा बराच वेळ खालीच असायच्या, कारण वर भांडायला कुणी नव्हतं.

"खोटं नाही गं. पण मोटार नुसती बघून पास करतात का? आवाज ऐकावा लागतो."

एवढंच होतं मावशींचं दुखणं. बाकी सगळं ठीक चाललं होतं. पोरगी खरंच बरी आहे की नुसती बरी लिहिते आहे, हे त्यांना तिच्या आवाजातून ऐकायचं होतं. आणि आवाज समुद्रापलीकडे होता.

मग एका पत्रात भोंग्यानं सहज लिहिलं की दर रविवारी सकाळी बेटांवरची नि जहाजांवरची हौशी रेडिओवाली मंडळी शॉर्टवेव्हवर जमतात. एका जहाजावरचे मास्तर सगळ्यांना नंबर लावून बोलावतात, आणि ज्यानं त्यानं आपापल्या गप्पा मारायच्या. साध्या रेडिओवर ते नीट लागत नाही, त्याला वेगळा सेट लागतो. पत्र पुढेही बरंच होतं, पण मावशी तिथंच थांबल्या, चपला पायात सरकवल्या आणि मागच्या गल्लीत रेडिओवाल्या काकांकडे निघाल्या.

रेडिओवाले काका आता नावापुरतेच रेडिओवाले. दुकानात मोबाइलची कव्हरं आणि टीव्हीचे रिमोट लटकत होते. रेडिओ दुरुस्तीला आणणारं माणूस त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मावशींनी विषय काढला मात्र, काकांनी समोरच्या गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हणून वाटेला लावलं, शटर अर्धं खाली ओढलं आणि एका कव्हराच्या खोक्यावर आकृती काढायला घेतली.

"असला सेट विकत मिळतो म्हणा. मागवू या?" काकांनी विचारलं खरं, पण पेन्सिल थांबवली नाही.

मावशी चष्मा वर सारून आकृती बघत होत्या. मधोमध एक गोल गोल वेटोळं होतं. "हे काय?"

"ही कॉइल. सगळा खेळ हिचा. ही नीट जमली तर लांबचा आवाज सापडतो, नाहीतर नुसती खरखर."

"म्हणजे तारेचे वेढेच ना?"

"हो, वेढेच."

"मग विकत कशाला आणायचा?" मावशी म्हणाल्या आणि आकृतीचं खोकं उचलून चालू पडल्या.

पहिला रेडिओ जन्माला आला तो भाजी चिरायच्या फळीवर. फळी जाऊबाईंची. त्यांना न विचारता आणलेली. मावशींनी फळीवर ओळीनं स्क्रू पिळले, काकांनी जुन्या सेटांतून काढलेला ट्रान्झिस्टर, कंडेन्सर आणि एक छोटा स्पीकर आणला, आणि कॉइल भरायचं काम अर्थातच मावशींकडे आलं. औषधाच्या रिकाम्या बाटलीवर त्यांनी वेढे घालायला सुरुवात केली, आणि हाताला जन्माची सवय म्हणून थरावर थर, थरावर थर चढवत गेल्या. काका आले तोवर बाटली दिसेनाशी झाली होती.

"अहो मावशी, हिच्यावर गिरणी चालवायची आहे का?"

"कमी पडायला नको म्हणून घातले."

"इथं जास्त झालेलं चालत नाही. एकच थर. शेजारी शेजारी. झालं."

मावशींचं तोंड उतरलं. एवढीशी कॉइल म्हणजे त्यांना कामचुकारपणा वाटत होता. पण त्यांनी सगळं उलगडलं आणि एक थर असा घातला की काका बाटली डोळ्यांशी धरून बघतच राहिले.

काकांनी त्यांना सेटची गंमत समजावली. आलेला बारीक आवाज थोडासा परत त्याच्याच पोटात ढकलायचा, म्हणजे तो बाळसं धरतो. जास्त ढकलला की बोंबलायला लागतो. बोंब सुरू होते त्या सीमेवर बटण धरून बसायचं. ऐकायला सोपं वाटलं. पण पहिल्याच संध्याकाळी फळीवरच्या त्या यंत्रानं अशी काही शिट्टी मारली की गल्लीतली सगळी कुत्री दारात गोळा झाली आणि जाऊबाई वरून धावत आल्या.

"कुणाला भाजलं?"

"कुणाला नाही. रेडिओ आहे."

"हा रेडिओ? आणि ही माझी फळी! अहो, मी दोन दिवस शोधतेय ही!"

"अगं, थोडे दिवस. मग धुऊन देते."

"स्क्रूसकट धुणार का?"

मावशींचे यजमान शाळेची बस चालवायचे. बोलणं कमी, पण कुठंही वर चढायला तयार. त्यांनी गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उघड्या तांब्याची लांब तार ताणून एरियल बांधली, आणि त्या दिवसापासून फळीतून खरोखर आवाज येऊ लागले. कुठली तरी गाणी, कुठल्या तरी बातम्या, टिकटिक करणारे संदेश. मावशी खुशीत. मग एका दुपारी सगळं गप्प झालं. काकांनी बॅटरी बघितली, मावशींनी सांधे बघितले, ट्रान्झिस्टर बदलून झाला. शेवटी यजमान गच्चीवर गेले आणि तितक्याच शांतपणे खाली आले.

"टॉवेल आहेत," ते म्हणाले.

"काय आहेत?"

"एरियलवर. ओले. सगळे."

"नवी तार दिसली, म्हटलं माझ्यासाठीच बांधली," जाऊबाई म्हणाल्या. "या घरात माझ्यासाठी कधी काही होतं का, हे विसरलेच मी."

असं करत करत पहिला रविवार उजाडला. काका सकाळीच येऊन बसले. मावशींनी बटण केसभर फिरवलं आणि स्पीकरमधून क्वॅक क्वॅक असा आवाज आला.

"ही बदकं कुठून आली?" मावशी म्हणाल्या.

"बदकं नव्हेत, माणसं आहेत. अजून हळू फिरवा. याहून हळू."

मावशींनी श्वास धरून बटण आणखी जरासं सरकवलं, आणि बदकाचं माणूस झालं. खोकत खोकत कुणी तरी सांगत होतं की जहाजावरचा चहा आता पिववत नाही. मावशींनी काकांचा दंडच धरला. समुद्रापलीकडचा एक अनोळखी माणूस भाजीच्या फळीतून खोकत होता, आणि त्याला तिथवर आणणारी कॉइल त्यांच्या हातची होती. एकेकाचा नंबर झाला. मग जहाजावरचे मास्तर म्हणाले, "आता बेटावरचं हवामान केंद्र," आणि त्याच क्षणी आवाज विरत विरत गेला. मागे उरली नुसती खरखर.

"कधी कधी होतं असं," काका हळूच म्हणाले. "वरची हवा पलटते. सेटचा दोष नाही."

आवाज परत आला तेव्हा मास्तर समारोप करत होते. पुढच्या रविवारी शेवटची बैठक, ते म्हणाले. त्यानंतर बेटावरची मंडळी आतल्या ठाण्यावर जाणार, तिथं सेट नाही. भेट थेट उन्हाळ्यात.

म्हणजे एकच रविवार हातात होता.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? चालतं यंत्र आहे तसं झाकून ठेवलं असतं आणि रविवारपर्यंत त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण मावशींना ते कसं जमावं? एवढी महत्त्वाची वेळ, आणि आपला माल असा उघडाबोडका, कच्चा, फळीवर पसरलेला? त्यांच्या दुकानातून कच्ची कॉइल आजवर बाहेर पडली नव्हती. काका लेकीकडे गेले होते, रविवारी सकाळी परतणार होते, त्यामुळे विचारायलाही कुणी नव्हतं. मावशींनी छान पेटी केली. जाऊबाईंची फळी मोकळी करून भोकांसकट परत दिली. कॉइल औषधाच्या बाटलीवरून काढून भट्टीत टिकेल अशा कडक नळीवर तशीच, तेवढ्याच वेढ्यांची भरली, चालवून पाहिली, उत्तम चालली. आणि मग मोठ्या प्रेमानं त्यांनी ती वार्निशात बुडवली, निथळवली आणि भट्टीत खरपूस भाजली. कॉइल काचेसारखी चमकायला लागली. मावशींनी ती पेटीत बसवली, झाकणाला वरून खिडकी ठेवली, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला कॉइल दिसावी.

रविवारी सकाळी घरात सगळे जमले. यजमान आंघोळ करून नवा शर्ट घालून बसले होते, जसं काही भोंगा दारातूनच येणार होता. मावशींनी सेट चालू केला. बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मग त्या टोकापासून या टोकापर्यंत. गाणी होती, टिकटिक होती, कुणी तरी परक्या भाषेत भांडत होतं. बदकं मात्र नव्हती.

काका पिशवीसकट थेट स्टँडवरून आले. त्यांनी पेटीत डोकावून पाहिलं आणि वास घेतला.

"मावशी, वार्निश लावलंत?"

"लावलं म्हणजे? बुडवून काढली. आणि भाजली."

काकांनी पिशवी खाली ठेवली. "ही मोटार नाही हो. वार्निशानं हिचा सूर खाली उतरला. आपली मंडळी बटणाच्या टोकापलीकडे राहिली."

मावशींनी लगेच पेटीचं झाकण उघडलं. "मग दोनेक वेढे काढते. सूर वर चढेल ना?"

"चढेल. पण निघतील का?"

ते मावशींना विचारायची गरजच नव्हती. त्यांची भाजलेली कॉइल छिन्नीनंही सुटत नाही, अशी त्यांची ख्याती. त्यांनी चिमटा लावला, नख लावलं, सुरीचं टोक लावलं. तार जागची हलली नाही. आयुष्यभर ज्या कामाचा अभिमान बाळगला ते काम आता त्यांच्यापुढे घट्ट बसून राहिलं होतं. घड्याळात मंडळी जमायची वेळ होऊन गेली होती. मावशींनी नवी नळी घेतली, तारेचं रीळ घेतलं आणि भरायला लागल्या, पण वेढ्याला वेढा लागेना, आणि मावशींचा वेढा चुकलेला त्या घरात कुणीच पाहिला नव्हता.

जाऊबाई चहाचं पातेलं घेऊन आल्या होत्या. त्यांनी मोठ्या जाऊच्या डोळ्यांत पाणी पाहिलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. मावशींवर नव्हे, त्या चमकणाऱ्या कॉइलवर.

"महिनाभर घराचा उकिरडा केलास ना गं सटवे!" त्या पेटीला म्हणाल्या. "झाकून टाका हिला! तोंड बघायला नको!" आणि पातेल्यावरचं ॲल्युमिनियमचं झाकण त्यांनी पेटीच्या खिडकीवर आदळायला नेलं.

खरखरीतून एक शिट्टी सर्रकन वर चढली. मग बदक बोललं. एक नाही, दोन.

"हलू नका!" काका ओरडले.

जाऊबाई झाकण हवेत धरून जागच्या जागी थिजल्या. "मी काही केलं नाही!"

"तेच करत राहा! कॉइलजवळ धातू आला की तिचा सूर वर चढतो. मला मेल्याला सुचायला हवं होतं हे! किंचित वर उचला. किंचित. अहो, किंचित म्हणजे गच्चीपर्यंत नव्हे! आता खाली. खाली..."

बदक घोगरं झालं, मग बारीक झालं, मग एकदम माणूस झालं. जहाजावरचे मास्तर म्हणत होते, "...आणि आता बेटावरचं हवामान केंद्र. बोला."

 मग सगळ्या घरात तो आवाज भरला.

"अहो मास्तर, इथं काय झालंय ऐका!"

मावशींच्या हातातलं रीळ सुटून पलंगाखाली गेलं. ते आणायला कुणी गेलं नाही.

"परवा फुगा सोडताना त्याची दोरी वाळत घातलेल्या कपड्यांत अडकली," भोंगा सांगत होता, ओरडूनच. "आणि फुगा गेला तो आमच्या साहेबांची पॅन्ट घेऊनच वर गेला! आता साहेब विचारतात, पॅन्ट कुठे उतरेल. मी म्हटलं, साहेब, ते हवामान खात्याला विचारा. तर म्हणतात, हवामान खातं म्हणजे आपणच ना!" आणि ती जी हसायला लागली ती थांबेचना. हसता हसता शिंकली, परत हसली, परत शिंकली.

मावशी स्पीकरपुढे डोळे मिटून बसल्या होत्या. मोटार पास करताना बसायच्या तशाच. 

"सर्दी झालीय तिला," शेवटी त्या म्हणाल्या. "पत्रात एक अक्षर नाही सर्दीचं! बघितलंस? म्हटलं होतं ना मी?" आणि गालांवरून पाणी वाहत असताना त्यांना इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला. "पण बरी आहे गं. आतून बरी आहे पोरगी. अगदी बरी आहे."

"माझा हात गळून पडतोय," जाऊबाई म्हणाल्या.

"पडू दे."

"मग काय तर. मी कुठं सोडतेय?"

स्पीकरमध्ये मास्तर हसत होते. "बाई, आता उन्हाळ्यापर्यंत तुमचा आवाज नाही. आमची बैठक मिळमिळीत होणार. चला, तुमचं ते नेहमीचं म्हणून टाका."

"काय नेहमीचं?" जहाजावरच्या त्या खोकणाऱ्या गृहस्थानं मध्येच विचारलं.

"तुम्ही नवे, तुम्हाला ठाऊक नाही. या बाई दर रविवारी शेवटी घरी सांगून जातात. घरी ऐकणारं कुणी नाही, असला सेटच नाही त्यांच्याकडे. तरी सांगून जातात. आम्ही सगळे त्यासाठी थांबतो. बोला बाई."

आणि समुद्रापलीकडून, सर्दी झालेल्या नाकातून, शाळेला निघताना दुकानाच्या उंबऱ्यावरून यायची तशीच हाक आली:

"मावशी, येते गं!"

आजवर कितीतरी रविवार ही हाक निघाली होती. जहाजांवर ऐकू गेली होती, बेटांवर ऐकू गेली होती. जिला मारलेली तिलाच तेवढी पोचली नव्हती. यजमानांनी तोंड भिंतीकडे केलं. काका उगाच पिशवीत काहीतरी शोधू लागले.

मावशींनी स्पीकरच्या जाळीला अगदी लागून तोंड नेलं.

"ये बाळा," त्या म्हणाल्या. "सावकाश ये."

त्या सेटमधून फक्त ऐकू येतं, बोललेलं जात नाही, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणीही ते बोलून दाखवलं नाही. पलीकडचा आवाज थांबून खरखर सुरू झाली, तरी जाऊबाईंनी झाकण तसंच धरून ठेवलं, मावशींचं बोलून होईपर्यंत.